वार्धक्याची योजना : ‘मेटल गिअर’ कथामालेतील जरा आणि कृत्रिम आयुष्यवृद्धी

१. साधनाचा प्रश्न

विज्ञानातील जे सिद्धान्त टिकले त्यांचा इतिहास लिहिणे तुलनेने सोपे असते. जी अनुमाने काही वर्षे खरी मानली गेली आणि पुढे मागे पडली, त्यांचा इतिहास लिहिणे मात्र अवघड जाते. मूळ शोधनिबंध ग्रंथालयात राहतो, त्याचे खंडनही राहते. परंतु मधल्या काळात त्या अनुमानाने लोकांच्या मनात कोणते रूप धारण केले, त्याच्याशी कोणती भीती व कोणती आशा जोडली गेली, याची नोंद शास्त्रीय नियतकालिकांत क्वचितच सापडते. ती पाहण्यासाठी त्या काळच्या कथांकडे वळावे लागते. विसाव्या शतकाच्या अखेरीस या कथासाधनांत व्हिडिओ गेम या प्रकाराची भर पडली, आणि दीर्घ कथानक असलेले खेळ एखाद्या कादंबरीमालेप्रमाणे दोन-तीन दशके चालू राहू लागले.

प्रस्तुत लेखात अशा एकाच कथामालेचा विचार केला आहे. जपानमधील कोनामी या कंपनीने १९८७ मध्ये ‘मेटल गिअर’ हा खेळ प्रसिद्ध केला. त्याचे रचनाकार हिदेओ कोजिमा यांच्या दिग्दर्शनाखाली ही माला २०१५ पर्यंत चालू राहिली. शत्रूच्या तळात लपतछपत शिरून तेथील अण्वस्त्रवाहक यंत्र निकामी करणारा सैनिक हा तिचा नायक. असा नायक बहुधा चिरतरुण असतो. या मालेत मात्र तो म्हातारा होतो, आणि तोही अकाली. ४२ वर्षांच्या माणसाला सत्तरीचे शरीर देण्याची ही कल्पना मालेत केव्हा आली, कोणत्या शास्त्रीय वातावरणात आली, आणि आल्यानंतर तिचा अर्थ कसा बदलत गेला, हे येथे पाहावयाचे आहे.

२. कथेची रूपरेषा

या मालेशी अपरिचित असलेल्या वाचकासाठी कथेचा सांगाडा प्रथम दिला पाहिजे. खेळांचा प्रकाशनक्रम आणि कथेतील घटनांचा कालक्रम एक नाही, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. कथेनुसार बिग बॉस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकन सैनिकाच्या पेशींपासून १९७२ मध्ये गुप्तपणे क्लोन, म्हणजे जनुकीय प्रतिरूपे, तयार करण्यात आली. सॉलिड स्नेक, लिक्विड आणि सॉलिडस ही ती तीन प्रतिरूपे. पैकी सॉलिड स्नेक हा नायक. इतर दोघे वेगवेगळ्या वेळी त्याचे प्रतिस्पर्धी होतात. या प्रयोगामागे झीरो नावाचा, बिग बॉसचा एके काळचा सहकारी व नंतरचा शत्रू आहे. पुढे जगावर गुप्तपणे नियंत्रण ठेवणारी यंत्रणा तोच उभी करतो.

१९८७ आणि १९९० च्या पहिल्या दोन खेळांत या जनुकीय नात्याला स्थान नाही. क्लोनची कल्पना कथेच्या केंद्रस्थानी येते ती १९९८ च्या ‘मेटल गिअर सॉलिड’मध्ये. त्या खेळातील आनुवंशिकी सदोष आहे. एकाच माणसाच्या दोन प्रतिरूपांपैकी एकाला प्रभावी आणि दुसऱ्याला अप्रभावी जनुके मिळाली, असे लिक्विड मानतो. तथापि क्लोन या शब्दाच्या अर्थानेच ही वाटणी असंभव ठरते. पण येथे महत्त्वाचे आहे ते वेगळेच. १९९८ च्या खेळात क्लोन आहेत. त्यांचे वार्धक्य नाही. नायकाच्या शरीरात त्याच्या नकळत एक कृत्रिम विषाणू सोडलेला असतो, आणि आपल्याला किती आयुष्य उरले आहे असे तो अखेरीस तो विषाणू तयार करणाऱ्या नाओमी हंटर या शास्त्रज्ञ स्त्रीला विचारतो. ती कोणतीही मुदत सांगत नाही. ते ठरविणे त्याच्याकडेच सोपविते. आयुष्याची मर्यादा येथे अज्ञात आहे, आणि अज्ञात असल्यामुळेच नायक मोकळा आहे.

२००१ च्या दुसऱ्या ‘सॉलिड’ खेळात सॉलिडस प्रत्यक्ष येतो, आणि तो आपल्या वयाच्या मानाने स्पष्टपणे वृद्ध दिसतो. २००८ च्या चौथ्या खेळात ही अवस्था स्वतः नायकावर येते. कथेतील वर्ष २०१४; नायकाचे वय ४२; केस पांढरे, चेहरा सुरकुतलेला, कंबर धरलेली, खोकला न थांबणारा. १९९८ आणि २००१ या दोन वर्षांच्या दरम्यान काहीतरी बदलले होते.

३. डॉली आणि तिचे वय

स्कॉटलंडमधील रॉझलिन संस्थेत ५ जुलै १९९६ रोजी डॉली ही मेंढी जन्मली. सहा वर्षांच्या एका मेंढीच्या स्तनग्रंथीतील पेशीपासून ती निर्माण झाली होती. फेब्रुवारी १९९७ मध्ये हे वृत्त प्रसिद्ध होताच एक प्रश्न लगेच विचारला गेला : सहा वर्षांच्या पेशीपासून जन्मलेले कोकरू जन्मतः किती वर्षांचे मानावयाचे?

हा प्रश्न रिकामटेकडा नव्हता. अलेक्सिस कॅरेल यांनी १९१२ मध्ये कोंबडीच्या हृदयातील पेशींचे संवर्धन सुरू केले. ते १९४६ पर्यंत चालले, आणि त्यामुळे शरीराबाहेर पेशी अमर असतात अशी समजूत रूढ झाली. १९६१ मध्ये हेफ्लिक आणि मूरहेड यांनी मानवी पेशी सुमारे ५० विभाजनांनंतर थांबतात असे दाखवून ती समजूत मोडली. गुणसूत्रांच्या टोकांना असलेले टेलोमिअर हे भाग प्रत्येक विभाजनाबरोबर आखूड होत जातात, हे त्यामागील एक कारण असल्याचे पुढील दशकांत स्पष्ट झाले. टेलोमिअरसंबंधीच्या संशोधनाबद्दल ब्लॅकबर्न, ग्रायडर आणि झॉस्टॅक यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. गुणसूत्राच्या टोकाशी एक घड्याळ आहे आणि ते उलटे चालते, असे चित्र १९९० च्या दशकात सर्वपरिचित झाले.

मे १९९९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात डॉलीच्या टेलोमिअरची मापे प्रसिद्ध झाली. समवयस्क मेंढ्यांच्या तुलनेने ती सुमारे २० टक्के आखूड होती. जानेवारी २००२ मध्ये तिला संधिवात झाल्याचे जाहीर झाले. फुप्फुसाच्या विषाणुजन्य अर्बुदामुळे १४ फेब्रुवारी २००३ रोजी तिला वेदनारहित मरण देण्यात आले. तेव्हा ती साडेसहा वर्षांची होती, आणि तिच्या जातीच्या मेंढ्या सामान्यतः ११-१२ वर्षे जगतात. फुप्फुसाचा तो रोग सामान्य मेंढ्यांतही आढळतो व त्याचा क्लोनशी संबंध दिसत नाही, असे तेव्हाही सांगण्यात आले. परंतु आखूड टेलोमिअर, संधिवात आणि अकाली मरण या तीन घटना ओळीने मांडल्या की त्यांतून एक कथा आपोआप तयार होते : प्रतिरूप हे मुळातच म्हातारे जन्मते.

या कालक्रमाशी खेळांचा कालक्रम ताडून पाहिला तर दोन्ही जुळतात. मापे प्रसिद्ध होण्यापूर्वीच्या खेळात क्लोन म्हातारे होत नाहीत. नंतरच्या खेळांत होतात. एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध झाला असे म्हणता येणार नाही. मालेतील कालमानाचा भाग, पूर्वसूरी कथांचे संस्कार आणि नायकाची गोष्ट संपविण्याची गरज ही अन्य कारणेही संभवतात. तथापि, २००१ च्या सुमारास अकाली वृद्ध होणारा क्लोन वाचकाला किंवा खेळाडूला वेगळे स्पष्टीकरण न देता पटण्यासारखा झाला होता, एवढे निश्चित म्हणता येते. कल्पनेचे मूळ कोठेही असो, तिची विश्वसनीयता त्या काळाने दिलेली होती.

४. अपघाताकडून योजनेकडे

डॉलीच्या बाबतीत अकाली वार्धक्य खरे मानले तरी तो अपघात होता; तो कोणी घडवून आणला नव्हता. २००८ च्या खेळाने नेमका येथेच बदल केला. नायकाच्या लक्षणांचे निदान करताना वर्नर विकाराशी त्यांचे साम्य असल्याचे सांगितले जाते. हा विकार जर्मन वैद्य ओटो वर्नर यांनी १९०४ मध्ये वर्णिला, त्यास कारणीभूत असलेले जनुक १९९६ मध्ये ओळखले गेले, आणि त्याचे रुग्ण इतर देशांच्या मानाने जपानमध्ये अधिक आढळले आहेत. परंतु कथेत हे निदान अपुरे ठरते. खरे कारण नाओमी सांगते : हे शरीर शस्त्र म्हणून तयार केले होते. शस्त्र शत्रूच्या हाती पडले तरी त्याचा उपयोग होऊ नये, त्यापासून दुसरे शस्त्र उत्पन्न होऊ नये, म्हणून त्याला संतती नाकारली गेली आणि आयुष्यही मुद्दाम आखूड ठेवले गेले.

या कल्पनेचा सर्वांत जवळचा ऐतिहासिक सगोत्र मेंढीत नसून बियाण्यात आहे. पीक येईल पण त्या पिकाचे बी पुन्हा उगवणार नाही, अशा तंत्राचे अमेरिकन पेटंट मार्च १९९८ मध्ये एका बियाणे कंपनीस व अमेरिकेच्या कृषिखात्यास संयुक्तपणे मिळाले. ‘टर्मिनेटर’ या नावाने हे तंत्र कुप्रसिद्ध झाले. भारतातही त्याविरुद्ध तीव्र प्रतिक्रिया उमटली, आणि २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियमाने असे तंत्र असलेल्या वाणांची नोंदणी निषिद्ध ठरविली. कापूस पिकविणाऱ्या विदर्भ-मराठवाड्यातील वाचकाला हा वाद नवा नाही. बी कोणाचे, पीक ज्याने काढले त्याचे की ज्याने त्यात मर्यादा घातली त्याचे, हाच तो प्रश्न. खेळातील नायकाच्या बाबतीत तोच प्रश्न देहाबद्दल विचारला गेला आहे. त्याचे वार्धक्य हे निसर्गाचे नव्हे. ती मालकाने घातलेली अट आहे.

५. आयुष्यवृद्धीची तीन उदाहरणे

आयुष्य आखूड करण्याची शक्ती ज्याच्या हाती आहे, त्याच्याच हाती ते लांबविण्याचीही शक्ती आहे. कथेच्या उत्तरार्धाचा सारा आशय या जाणिवेत आहे. त्यासाठी वापरलेले साधन म्हणजे नॅनोमशीन, रक्तात फिरणारी अतिसूक्ष्म यंत्रे. पेशी दुरुस्त करणाऱ्या यंत्रांच्या साहाय्याने वार्धक्यावर मात करता येईल ही कल्पना एरिक ड्रेक्सलर यांनी १९८६ च्या आपल्या ग्रंथात मांडली होती. तेथे ते आश्वासन होते. खेळात त्याचे काय होते हे तीन उदाहरणांत दिसते.

पहिले उदाहरण नाओमीचे. तिला असाध्य कर्करोग झालेला आहे आणि केवळ नॅनोमशीनमुळे ती जिवंत आहे. आपले काम पुरे होताच ती त्या यंत्रांचे कार्य स्वतःच थांबविते व मरण पावते. दुसरे उदाहरण बिग बॉसचे. तो मेला असे सर्वजण समजत असताना त्याचा देह यंत्रांच्या साहाय्याने अचेतन अवस्थेत टिकवून ठेवलेला असतो, कारण त्या देहाची जैविक ओळख ही जागतिक नियंत्रणयंत्रणेची किल्ली आहे. पुढे त्याचे शरीर पुन्हा उभे केले जाते ते लिक्विड आणि सॉलिडस यांच्या देहांचे भाग वापरून. तिसरे उदाहरण झीरोचे. शंभरी ओलांडलेला हा मनुष्य चाकांच्या खुर्चीत, कोणतीही जाणीव नसलेल्या स्थितीत, श्वसनयंत्रावर जगत आहे. ज्याने सर्वांची आयुष्ये मोजून दिली, त्याला स्वतःचे संपविण्याचीही शुद्ध उरलेली नाही.

बिग बॉसच्या उदाहरणाने मराठी वाचकाला ययातीची आठवण होणे साहजिक आहे. कोणताही प्रभाव सूचित न करता ही तुलना उपयुक्त ठरते, ती तिच्यातील भेदामुळे. महाभारतातील ययाती आपली जरा घेण्यास पुत्रांना विचारतो. चौघे नकार देतात, पुरू स्वीकारतो, आणि अखेर ती जरा त्याच्याकडून परत घेतली जाते. तेथे मागणे आहे, नाकारण्याची मुभा आहे, परतफेड आहे. येथे पुत्रांना कोणी विचारलेलेच नाही. एकाला जरा मिळाली, दोघांचे देह पित्याच्या देहात गेले. आणि ज्याच्यासाठी हे घडले त्या पित्यालाही ते मागावयाचे नव्हते.

म्हणून अखेरच्या प्रसंगात बिग बॉस झीरोचा श्वासपुरवठा बंद करतो, तेव्हा तो सूड म्हणून येत नाही. यंत्रणेच्या ताब्यात राहिलेले एक मरण परत दिले जाते, असा त्याचा रोख आहे. हा खेळ २००८ चा आहे हे येथे विसरता कामा नये. जपानमध्ये १९९७ च्या अवयवरोपण कायद्याने मेंदुमृत्यूला केवळ रोपणाच्या संदर्भात, मर्यादित मान्यता दिली होती. मृत्यू नेमका केव्हा झाला असे म्हणावयाचे, हा तेथे दीर्घकाळ सार्वजनिक वादाचा विषय होता. देशातील ६५ वर्षांवरील लोकांचे प्रमाण १९७० मध्ये ७ टक्के, १९९४ मध्ये १४ टक्के व २००७ मध्ये २१ टक्के झाले होते, आणि वृद्धांच्या शुश्रूषेसाठी सक्तीची विमा योजना एप्रिल २००० पासून अमलात आली होती. युद्धकथेच्या नायकाला पाठदुखी देणारा हा खेळ अशा समाजात निर्माण झाला होता.

त्याच प्रसंगाच्या जपानी ध्वनिमुद्रणात एक योगायोग आहे, किंबहुना योजना आहे. नायकाचा आवाज अकिओ ओत्सुका यांचा. वृद्ध बिग बॉसचा आवाज चिकाओ ओत्सुका यांचा. हे दोघे प्रत्यक्षात पुत्र आणि पिता होते. चिकाओ १९२९ मध्ये जन्मले आणि २०१५ मध्ये निधन पावले. कथेतील पिता-पुत्र हे प्रयोगशाळेत घडविलेले, तर त्यांना बोलते करणारे पिता-पुत्र निसर्गक्रमाने वयस्क झालेले होते.

६. खेळाडूच्या हातातील काळ

आतापर्यंतचे विवेचन कादंबरी किंवा चित्रपट यांनाही लागू पडले असते. खेळ या माध्यमाचे वैशिष्ट्य असे की, त्यात काळ हा खेळाडूच्या हाती असतो. या दृष्टीने २००४ च्या तिसऱ्या ‘सॉलिड’ खेळातील एक पात्र अभ्यसनीय आहे. द एंड हा शंभरीपार गेलेला निशाणबाज अंतिम लढाईसाठी उरलेले आयुष्य जपून ठेवून आहे. त्याच्याशी अरण्यात तासभर लपंडाव खेळून त्याला हरविता येते. पण दुसराही मार्ग आहे. लढाईच्या मध्यात खेळ नोंदवून बंद करावा आणि आठवडाभराने पुन्हा सुरू करावा. तेवढ्या अवधीत तो वृद्धापकाळाने मरण पावलेला असतो. यंत्राचे घड्याळ आठ दिवस पुढे सरकविले तरी हेच घडते. खेळाच्या बाहेरचा, खेळाडूच्या घरातील काळ येथे पात्राच्या देहावर चालतो. प्रतीक्षा हीही एक कृती ठरते, आणि घड्याळ पुढे करणाऱ्याला आपण एका म्हाताऱ्याचे दिवस संपविले याची जाणीव टाळता येत नाही.

२००८ च्या खेळात हाच अनुभव आतून येतो. नायक काही वेळ वाकून राहिला की उठताना कंबर धरतो. ताण वाढला की त्याचे हात अस्थिर होतात. त्याच्या दुबळ्या स्नायूंना आधार देणारा विशेष पोशाख त्याला घालावा लागतो. शेवटाकडे तीव्र किरणांनी तापलेल्या एका बोळातून त्याला जावे लागते. तो चालतो, मग गुडघ्यांवर येतो, मग सरपटतो. आणि तेवढा सारा वेळ खेळाडूला एकच कळ झपाझप दाबीत राहावे लागते. पडद्याच्या दुसऱ्या भागात इतरांच्या लढाया चालू असतात. बोटे दुखू लागतात, तरी थांबता येत नाही. म्हातारपणाचे वर्णन पुष्कळ कथांनी केले आहे. त्याचे श्रम वाचकाच्या स्नायूंपर्यंत पोचविणे हे या माध्यमाला शक्य झाले.

२०१५ च्या अखेरच्या मोठ्या खेळात द एंडच्या दीर्घायुष्याचे कारण त्याच्या देहातील परजीवी जीव असल्याचे सांगण्यात आले, आणि तशाच जीवांमुळे शंभरीनंतर जगणारे दुसरे एक वृद्ध पात्र तेथे आले. एका निशाणबाजाचे गूढ हे पुन्हा एका तंत्राचे प्रकरण झाले. मालेने आपल्या सर्व दीर्घायुष्यांना स्पष्टीकरण दिले. त्यात काही गमावलेही.

७. समारोप

जुलै २०१६ मध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठातील केव्हिन सिंक्लेअर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १३ क्लोन मेंढ्यांची तपासणी प्रसिद्ध केली. मेंढ्यांचे वय ७ ते ९ वर्षे होते, आणि त्यांपैकी चार डॉलीच्याच पेशीमालिकेतून जन्मलेल्या होत्या. त्यांची हाडे, रक्तदाब व चयापचय त्यांच्या वयाला साजेसे आढळले. पुढल्या वर्षी डॉलीच्या जतन केलेल्या सांगाड्याचे परीक्षण झाले. त्यातही असामान्य प्रमाणात संधिवात दिसला नाही. क्लोन अकाली म्हातारे होतात या अनुमानाचा आधार अशा रीतीने बहुतांशी गेला.

या खंडनाने ही कथा निकाली निघते काय? शास्त्र म्हणून ती पूर्वीही भक्कम नव्हती. साधन म्हणून तिचे मूल्य आता अधिक वाढले आहे. १९९९ ते २०१६ या काळात एका मापनाने लोकांच्या मनात कोणती भीती उत्पन्न केली, तिचा साक्षीदार म्हणून ती उभी आहे. त्याहूनही महत्त्वाचे असे की, कथेने त्या मापनाचा आधार फार लवकर सोडून दिला होता. आखूड टेलोमिअरचा अपघात बाजूला ठेवून तिने मालकाच्या अटीचा प्रश्न हाती घेतला, आणि तो मेंढ्यांच्या तपासणीने सुटणारा नाही. बियाण्याच्या पेटंटचा, श्वसनयंत्र केव्हा थांबवावे याचा, वृद्धांची शुश्रूषा कोणी करावी याचा प्रश्न हा त्याच जातीचा आहे.

कथेच्या शेवटी नायक स्मशानभूमीत स्वतःवर पिस्तूल रोखतो, पण स्वतःला मारीत नाही. बिग बॉसकडून त्याला कळते की त्याच्या देहातील जुना विषाणू आता इतरांना धोकादायक राहिलेला नाही. म्हणून उरलेले दिवस त्याने जगावेत. ते थोडे आहेत, आणि वाढविण्याचा कोणताही उपाय तो शोधत नाही. १९९८ मध्ये त्याने आयुष्याची मुदत विचारली होती. दहा वर्षांनंतर ती जवळजवळ माहीत असूनही तो मोकळा होतो, कारण आता ती मुदत कोणाच्याही उपयोगाची राहिलेली नाही.